ओल आहे ती!

जो देश आपण पाहिलेला नाही त्याचा भूगोल शिकवायला एक खास प्रकारचा निर्ढावलेपणा लागतो. तो माझ्याकडे भरपूर होता. 1974 साली पुण्यातल्या एका संस्थेत मी संध्याकाळी सहा ते आठ फ्रेंच शिकवायला लागलो, तेव्हा पश्चिम दिशेला माझी मजल फार तर अलिबागपर्यंत गेली होती. तरीसुद्धा पहिल्याच महिन्यात ल्वार नदीकाठच्या राजवाड्यांविषयी मी अशा काही थाटात बोललो, की तास संपल्यावर एका बाईंनी विचारलं, "सर, तिथे उतरायची सोय कशी होती हो?"

मी म्हणालो, "बरी होती."

आता भाषेच्या वर्गात भूगोल कशाला, असं कुणी विचारील. आपल्या मराठीत एक 'त' लावला की माणूस कुठेही पोचतो. पुण्यात, नागपुरात, तुरुंगात, स्वर्गात. फ्रेंच माणसाला असं सुखासुखी कुठे जाता येत नाही. गावाला जायचं असेल तर एक शब्दयोगी, स्त्रीलिंगी प्रदेशाला दुसरं, पुल्लिंगी प्रदेशाला तिसरंच. ब्रताञ, म्हणजे इंग्रजांची ब्रिटनी, ही बाई. लिमुझँ हा बुवा. प्रदेश बाई आहे की बुवा हे कळल्याशिवाय तिथे पाऊल टाकणं व्याकरणाला मंजूर नाही. त्यामुळे फ्रान्सचे प्रदेश पाठ करणं भागच होतं, आणि नुसते पाठ होत नाहीत म्हणून चित्रं दाखवणंही भागच होतं.

नद्यांचं तर विचारूच नका. आपल्याकडे नदी म्हटली की ती बाई; ब्रह्मपुत्रासारखा एखादा नद सोडला तर वाद नाही. फ्रेंचमध्ये सेन, ल्वार आणि गारोन या बायका, पण रोन हा पुरुष. लियों शहरात सोन नावाची नदी या रोनला येऊन मिळते आणि तिथून पुढे दोघांचं मिळून रोन हेच नाव चालतं. हे मी फळ्यावर खडूने काढून दाखवल्यावर पुढच्या बाकावरचे निवृत्त पोस्टमास्तर एकदम उठून म्हणाले, "अहो, म्हणजे हे लग्नच की! नावसुद्धा बदललं!"

पुढे आणखी एक भानगड निघाली. जी नदी समुद्राला मिळते तिला फ्रेंच लोक 'फ्लव्ह' म्हणतात, आणि जी दुसऱ्या नदीला मिळते ती नुसतीच 'रिव्हिएर'. मी सवयीप्रमाणे घरचं उदाहरण दिलं. कृष्णा पूर्वेकडे जाऊन समुद्राला मिळते, म्हणून फ्लव्ह. भीमा कृष्णेला मिळते, म्हणून रिव्हिएर. मुळा-मुठा भीमेला मिळते, तेव्हा तीही रिव्हिएर. एवढ्यात संगमेश्वरची एक मुलगी, जी एरवी तोंडातून अक्षर काढत नसे, तिने हात वर केला. "सर, आमची शास्त्री नदी थेट जयगडला समुद्रात जाते. म्हणजे ती फ्लव्ह ना?" मला 'हो' म्हणावं लागलं. कोकणातली चार वळणांची नदी फ्लव्ह आणि पेशव्यांची मुळा-मुठा रिव्हिएर, हे ऐकून वर्गातल्या अस्सल पुणेकरांनी फ्रेंच भाषेबद्दलचं आपलं मत तिथल्या तिथे बदललं. एकाने तर पुढच्या सत्रात जर्मनला नाव घातलं.

तर सांगायचा मुद्दा असा, की चित्रांवाचून गत्यंतर नव्हतं. त्या काळी फ्रेंच शिकवण्याच्या दृक्‌श्राव्य पद्धतीचा मोठा बोलबाला होता. पॅरिसजवळ सँ-क्लू इथल्या तज्ज्ञांनी 1960 च्या सुमारास ती तयार केली होती. एकीकडे भिंतीवर चित्रफीत, दुसरीकडे टेपरेकॉर्डरवर संवाद. चित्रात मस्य तिबो नावाचे गृहस्थ, आणि मधूनमधून 'पीं' असा आवाज, म्हणजे पुढचं चित्र सरकवा. आमच्याकडे टेप होती तेव्हा प्रोजेक्टर नव्हता, प्रोजेक्टर आला तेव्हा टेपचं रीळ तुटलं, आणि दोन्ही जुळून आलं त्या दिवशी वीज गेली. सुट्या स्लाइड्‌सचंही तेच. एकदा मों ब्लां हा 4,800 मीटरहून उंच पर्वत मी उलटा घातला आणि 'ही आल्प्समधली प्रसिद्ध दरी' म्हणून वर्णनाला सुरुवात केली. विद्यार्थी भले. त्यांनी दरी म्हणून लिहून घेतली.

मग आम्ही स्वदेशी साधनांकडे वळलो. पोस्टमास्तरांनी आपला तिकिटांचा संग्रह आणला. फ्रान्सच्या टपालखात्याने 1975 ते 1977 या काळात एकेका प्रदेशावर एकेक तिकीट काढलं होतं, आणि ती त्यांच्याकडे ताजी ताजी येत होती. चिमट्यात तिकीट धरून ते "लोरेन!" असं पुकारायचे, जणू लोरेनची मनिऑर्डर आली आहे. कुणाचा भाऊ पॅरिसहून आला की चीजच्या डब्यांची रिकामी झाकणं यायची. नॉर्मंडीचं कामांबेर, ऑव्हेर्ञचं कांताल... आम्ही फ्रान्सचे प्रदेश झाकणं हुंगून ओळखायला शिकलो. चीज कुणीच खाल्लं नव्हतं. एक काकू होत्या, त्यांनी घरून परातभर कणीक मळून आणली आणि लाकडी फळीवर उठावाचा नकाशा केला. मैदानांना हळद, डोंगरांना मीठ. फार देखणा झाला होता. पण सोमवारी वर्ग उघडला तेव्हा मुंग्यांनी पिरेनीज पर्वत खाऊन टाकला होता आणि स्पेनची सरहद्द सताड उघडी पडली होती.

अशा वेळी 1976 च्या मे महिन्यात मी पाँडिचेरीला गेलो आणि तिथे एका भंगारवाल्याच्या दुकानात मला तो नकाशा मिळाला.

जाड पुठ्ठ्याचा, जवळजवळ दारासारखा, वरच्या कडेला टांगायला दोन पितळी भोकं. प्रकाशकाचं नाव होतं तो कोपरा उंदराने आपल्या कामाला लावला होता. नकाशा दोन्ही बाजूंनी छापलेला. एका बाजूला सगळी नावं, दुसऱ्या बाजूला एकही नाव नाही. फ्रेंचमध्ये पहिल्याला बोलका नकाशा म्हणतात, दुसऱ्याला मुका. मास्तरांनी बोलक्या बाजूवर शिकवायचं, मग नकाशा फिरवायचा आणि मुक्या बाजूवर छडी ठेवून विचारायचं, "हे काय?" किती पिढ्यांचे तळहात या दुसऱ्या बाजूने लाल केले असतील देव जाणे. बारा रुपयांना घासाघीस करून मी तो घेतला. परतीच्या गाडीत गुंटकलपर्यंत दोन सहप्रवासी त्याच्यावर पत्ते खेळले. त्याबद्दल तक्रार नाही. त्यांनी मला जागा दिली होती.

वर्गात नकाशा टांगल्यावर मी फ्रान्सचा षट्‌कोन समजावून सांगितला. फ्रेंच लोक आपल्या देशाला लाडाने 'षट्‌कोन' म्हणतात. तीन बाजूंना पाणी, तीन बाजूंना जमीन. छडी फिरवत फिरवत मी ईशान्येच्या कोपऱ्यात आलो आणि अडखळलो. ऱ्हाइन नदीच्या अलीकडे, आल्सास आणि लोरेनच्या काही भागावर, एक जांभळट काळा डाग होता. षट्‌कोनाचा तो कोपराच कुणी कुरतडल्यासारखा दिसत होता.

"सर, ते काय आहे?" कुणीतरी विचारलंच.

शिक्षकाला 'माहीत नाही' हे शब्द उच्चारायला किती वर्षं लागतात याचा हिशेब मी पुढे कधीतरी मांडीन. त्या दिवशी मला त्या धंद्यात दोनच वर्षं झाली होती. मी म्हणालो, "ओल आहे ती. नकाशा जुना आहे, पाँडिचेरीला समुद्राची हवा."

मागच्या बाकावर बेळगावचा एक मुलगा बसायचा. पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्‌समन होता. दिवसभर रेघा मारायच्या आणि संध्याकाळी फ्रेंच, असा त्याचा क्रम. तो उठून नकाशापाशी आला, नाक टेकेल इतक्या जवळून पाहिलं आणि म्हणाला, "सर, ओल नव्हे ही. ओलीची कड विरत जाते. ही कड पेनानं मारल्यागत आहे. आणि नदीपाशी येऊन बरोबर थांबल्या बघा."

"फ्रेंच ओल आहे," मी म्हणालो. "शिस्तीची असणार."

वर्ग हसला. तोही कसनुसा हसला आणि जागेवर जाऊन बसला. तास संपल्यावर मात्र तो मागे रेंगाळला. "सर, सीमा असेल काय हो? म्हणजे भांडणाची सीमा. आमच्याकडं अशीच असत्या." मी डबा पिशवीत भरत होतो. मी म्हणालो, "तू आधी भूतकाळ पक्का कर." मला व्याकरणातला भूतकाळ म्हणायचा होता. पण आता आठवलं की कानशिलं गरम होतात.

पुढची दहा वर्षं दर तुकडीत कुणीतरी तो डाग दाखवून विचारी आणि मी सांगत असे, "ओल आहे ती." वर्षाला तीस विद्यार्थी धरले तर तीनशे माणसांना मी हे ज्ञान दिलं. त्यातले काही आज मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत. त्यांनी कुठे वाच्यता केली नसावी अशी आशा आहे.

सगळ्यात लाजेची गोष्ट म्हणजे, याच दहा वर्षांत मी दर वर्षी आल्फाँस दोदेची 'शेवटचा धडा' ही 1873 साली पुस्तकात आलेली कथा शिकवत होतो. इंग्रजीतून ती आपल्याकडच्या पुष्कळांनी पाठ्यपुस्तकात वाचली असेल. आल्सासमधली शाळा, उद्यापासून फ्रेंच बंद, जर्मन सुरू, म्हाताऱ्या मास्तरांचा शेवटचा तास. ती शिकवताना माझा कंठ दाटून येई, समोरच्या दोन-चार पदरांची टोकं डोळ्यांना लागत. आणि बरोबर माझ्या पाठीमागे, भिंतीवर, हातभर अंतरावर तोच आल्सास काळाठिक्कर होऊन लटकत होता. मी त्याला ओल म्हणत होतो.

1986 साली मला उन्हाळी प्रशिक्षणासाठी फ्रान्सला जायची संधी मिळाली. पॅरिसहून स्ट्रासबुर्गच्या गाडीत बसलो. समोर एक वयस्क गृहस्थ होते. गाडी बराच वेळ गेल्यावर त्यांनी माझ्या गुडघ्यावर बोट टेकवून म्हटलं, "आता बघा हं." मी बाहेर पाहिलं. गाडी जराशी चढली, एक रूळ आमच्या खालून तिरपा निघून गेला, आणि पुन्हा सगळं सपाट.

"काय झालं?" मी विचारलं.

"गाडीने बाजू बदलली."

मग त्यांनी समजावून सांगितलं. दुहेरी मार्गावर फ्रान्सच्या गाड्या आपल्यासारख्याच डाव्या रुळावरून धावतात. पण आल्सास आणि मोझेल जिल्ह्यात त्या उजव्या रुळावरून धावतात. कारण 1871 ते 1918 हा मुलूख जर्मनीकडे होता, आणि जर्मन गाड्या उजवीकडून जात. मुलूख परत आला, पण सगळे सिग्नल आणि स्थानकं उलटी फिरवण्यापेक्षा जुन्या सरहद्दीजवळ एक रूळ दुसऱ्यावरून उडी मारून नेणं सोपं पडलं. ती उडी आजही तशीच आहे. तिथल्या लोकांना गुड फ्रायडे आणि 26 डिसेंबर अशा दोन सुट्ट्याही बाकीच्या फ्रान्सपेक्षा जास्त मिळतात. त्याही जर्मन अमदानीतल्या. सुट्टी परत करणारं राष्ट्र अजून जन्माला यायचं आहे.

"माझी आजी," ते गृहस्थ म्हणाले, "1868 साली जन्मली ती फ्रेंच म्हणून. 1871 ला जर्मन झाली. 1918 ला फ्रेंच. 1940 ला जर्मन. 1945 ला पुन्हा फ्रेंच होऊन मगच तिने डोळे मिटले. आणि या सगळ्या काळात तिने घर बदललं नाही हो. गल्लीच्या पाट्या बदलत गेल्या." मग हसून म्हणाले, "आम्ही मुलं असताना शाळेत एक जुना नकाशा होता. तिच्या गावावर काळा रंग."

"काळा? की जांभळट?" माझा आवाज चिरकला असावा.

"जांभळटसुद्धा असायचा. सुतकाचे रंग."

पुढच्या स्थानकावर त्यांनी मला पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं, मला गाडी लागली.

त्या उन्हाळ्यात मी ग्रंथालयात बसून माझ्या ओलीचा इतिहास वाचला. तो थोडक्यात असा.

नकाशावर देश कापायची फ्रेंचांना जुनी हौस. राज्यक्रांतीच्या वर्षी, 1789 साली, एका समितीने सबंध फ्रान्सचे सारख्या मापाचे चौकोन पाडायची योजना मांडली होती. आपण वड्या पाडतो तसे. लोक ओरडले, तेव्हा 1790 मध्ये जरा वेडेवाकडे असे 83 जिल्हे केले आणि जुन्या प्रांतांची नावं विसरली जावीत म्हणून त्यांना नद्या-डोंगरांची नावं दिली. लोकांनी जिल्हेही पाठ केले आणि प्रांतही विसरले नाहीत.

1870 मध्ये प्रशियाशी युद्ध झालं. फ्रान्स हरला. 10 मे 1871 च्या फ्रँकफुर्टच्या तहाने बेलफोरचा तुकडा सोडून आल्सास, आणि लोरेनचा एक भाग, नव्या जर्मन साम्राज्याकडे गेला. पॅरिसच्या काँकॉर्द चौकात फ्रान्सच्या मोठ्या नगरींचे पुतळे आहेत; त्यांतल्या स्ट्रासबुर्गच्या पुतळ्यावर काळं कापड चढलं. पुढे 1881-82 मध्ये झ्यूल फेरी या मंत्र्याने प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. गावोगाव शाळा झाल्या आणि त्यांच्या कोऱ्या भिंतींना काहीतरी हवं होतं. 1885 पासून व्हिदाल द ला ब्लाश या भूगोलाच्या प्राध्यापकाचे बोलके-मुके भिंतीनकाशे आर्मां कोलँ या प्रकाशकाकडून निघू लागले. पॅरिसच्या शिक्षण-संग्रहालयातून 1896 पासून गावच्या मास्तरांना जादूच्या कंदिलाच्या काचा उसन्या मिळू लागल्या. म्हणजे आमची उलटी मों ब्लां ही मोठ्या घराण्यातली होती.

पुस्तकांत सगळ्यात गाजलं ते 1877 चं 'दोन मुलांची फ्रान्सप्रदक्षिणा'. मुखपृष्ठावर लेखक म्हणून 'जी. ब्रुनो', प्रत्यक्षात त्या होत्या ऑग्युस्तीन फुइए नावाच्या बाई. लोरेनमधल्या फाल्सबूर गावची दोन पोरकी भावंडं, थोरला चौदा वर्षांचा आणि धाकटा सात. गाव जर्मनीकडे गेलेलं. बापाच्या शेवटच्या इच्छेखातर ती धुक्यातून वेशीबाहेर पडतात आणि सबंध फ्रान्स हिंडतात. इथे चीज कसं करतात, तिथे रेशीम कसं विणतात, अमका शास्त्रज्ञ कुठे जन्मला. पानोपानी चित्रं. पहिल्या महायुद्धापर्यंत या पुस्तकाच्या 70 लाखांवर प्रती खपल्या. 1906 च्या आवृत्तीतून, धर्म आणि सरकार यांची फारकत झाल्यामुळे, देवाचे उल्लेख वगळले. आल्सास-लोरेनचे नाही वगळले.

आणि मग मला ते चित्र सापडलं. मेत्स या लोरेनमधल्याच गावी जन्मलेल्या आल्बेर बेत्तानिए या चित्रकाराचं, 1887 सालचं. नाव, 'काळा डाग'. शाळेचा वर्ग, भिंतीवर फ्रान्सचा नकाशा, मास्तरांनी छडी नेमकी त्या डागावर टेकवली आहे आणि शाळकरी पलटणीचा गणवेश घातलेला एक मुलगा तिकडे पाहतो आहे. मी त्या चित्राकडे किती वेळ बघत बसलो सांगता येत नाही. तीच भिंत, तीच छडी, तोच डाग. फरक एवढाच, की त्या मास्तरांना माहीत होतं. ते मूळ चित्र आज बर्लिनच्या जर्मन ऐतिहासिक संग्रहालयात आहे. ज्यांच्या विरुद्ध काढलं, त्यांनीच जपून ठेवलं आहे.

इथवर मला त्या मास्तरांचा हेवा वाटत होता. मग मी बोटांवर हिशेब केला. 1900 साली जो पोरगा दहा वर्षांचा होता आणि त्या डागाकडे बघत जिल्हे पाठ करत होता, तो 1914 साली चोवीस वर्षांचा झाला. त्या युद्धात फ्रान्सचे जवळजवळ 14 लाख सैनिक मेले. नकाशामुळे युद्ध झालं असं कुणी शहाणा म्हणणार नाही. त्याची कारणं दहा. आणि तोवर पुष्कळ फ्रेंच लोक आल्सास विसरतही चालले होते. पण छडी कुठे टेकवायची हे ठरवणारा माणूस अगदीच नामानिराळा राहतो, असंही मला त्या दिवसापासून म्हणता येईना.

आणि त्या डागाखाली राहणाऱ्यांचं काय? त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. दोदेच्या कथेतला तो पोरगा खरोखर असता, तर घरी आईशी बहुधा आल्सासच्या जर्मन वळणाच्या बोलीतच बोलला असता. ही गोष्ट कथेत नाही. मी वर्गात कधी सांगितली नव्हती, कारण मला ठाऊक नव्हती. पहिल्या महायुद्धात आल्सासची बहुतेक पोरं जर्मन गणवेशात लढली, काही थोडी फ्रेंच गणवेशात. स्ट्रासबुर्गला रिपब्लिक चौकात 1936 साली उभारलेलं स्मारक आहे. एक आई, आणि तिच्या मांडीवर टेकलेले दोन मरणारे मुलगे. दोघांच्याही अंगावर गणवेश नाही. कारण एक एका बाजूने लढला, दुसरा दुसऱ्या. इतर गावच्या स्मारकांवर 'फ्रान्ससाठी मेले' असं कोरलेलं असतं. इथे एवढंच आहे : 'आमच्या मृतांना.' मी तिथे बराच वेळ उभा होतो. फोटो काढायचा राहून गेला.

तिथेच मला तो बेळगावचा मुलगा आठवला.

1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्याने आखली गेली आणि मुंबई राज्यातलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. 1973 साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. त्याच्या आजोबांनीही घर बदललं नव्हतं. पाट्या बदलत गेल्या. 1 नोव्हेंबर हा दिवस तिथल्या सीमावासी मराठी संघटना काळा दिन म्हणून पाळतात, आणि त्याच दिवशी, त्याच रस्त्यांवर, कानडी मंडळींचा राज्योत्सव असतो. दोघांचंही खरं असतं. ज्या घरात तारीख एक आणि रंग दोन, तिथे वाढलेल्या पोराला डाग ओळखायला शिकवणीची गरज नव्हती. तो मला सांगायला आला होता आणि मी त्याला भूतकाळ पक्का करायला पाठवला होता.

आणखी एक गंमत. तो नकाशा ज्या पाँडिचेरीच्या शाळेत टांगला असेल, तिथली तमिळ पोरं त्यावर फ्रान्सची गमावलेली जमीन बघून हळहळली असतील. आणि फ्रान्समधली पोरं त्याच वेळी 'पाँडिशेरी, कारिकाल, यानाओं, माहे, शांदेर्नागोर' अशी हिंदुस्थानातली आपली पाच ठाणी पाठ करत होती. पाँडिचेरी स्वतः कुणाच्या नकाशातला डाग आहे, हे छडीने कुणी दाखवलं नसणार. शांदेर्नागोर, म्हणजे चंदननगर, आधीच भारतात आलं. बाकीची चार 1954 मध्ये आली. तारीख 1 नोव्हेंबर. आमच्या इतिहासाला दुसरी तारीख मिळतच नाही.

पुण्याला परत आल्यावर पहिल्याच तासाला मी वर्गापुढे कबुली दिली. विद्यार्थ्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. ही तुकडी नवी होती. त्यांना मी अजून ओल सांगितलीच नव्हती. माझी कबुली ज्यांना हवी होती ते तीनशे जण कधीच पांगले होते. संस्थेच्या जुन्या वहीतून बेळगावच्या मुलाचा पत्ता काढून पत्र टाकलं. ते 'पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत आलं. पोस्टमास्तर तेवढ्यापुरते खूश झाले, म्हणाले, "शेरा बघा किती सुवाच्य आहे."

नंतर मी निवृत्त झालो. संस्थेने नवे रंगीत नकाशे घेतले आणि जुना माझ्या घरी आला. फ्रान्सने 2016 साली आपल्या 22 प्रदेशांचे 13 केले. आल्सास आणि लोरेन यांना शांपाञबरोबर एकत्र बांधून 'ग्राँ-एस्त', म्हणजे 'थोरली पूर्व', असं रेल्वे स्थानकासारखं नाव दिलं. आल्सासचे लोक कुरकुरले आणि 2021 पासून त्यांनी आपल्या दोन जिल्ह्यांचं मिळून 'आल्सास' हे नाव निदान एका वेगळ्या संस्थेला परत मिळवलं. कुठलाही नकाशा पाठ करून झाला रे झाला, की तो बदलतो.

मध्यंतरी एका पावसाळ्यात दारावर बेल वाजली. केस पिकलेला एक माणूस, हातात कुंद्याचा पुडा. "ओळखलं काय सर?" मी आवाजावरून ओळखलं. ड्राफ्ट्‌समनचा तो आता स्वतःच्या कारखान्याचा मालक झाला होता. मुलीकडे पुण्याला आला होता. चहा झाला. मी सगळं सांगितलं, गाडीची उडी, आजी, काळा डाग, आणि मनात साठवून ठेवलेलं एक वाक्य : "तू बरोबर होतास, मी चूक."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, त्या दिवशी मी घरी पत्र लिहिलं होतं. फ्रान्सातपण एक बेळगाव आहे म्हणून." आणि लगेच, "नकाशा आहे काय अजून?"

होता. आतल्या खोलीच्या भिंतीवर. माझी नात त्याच्यासमोर उभी होती. तिलाही फ्रेंच शिकायचं खूळ आहे. डाव्या अंगाला, ब्रताञवर, गेल्या दोन पावसाळ्यांत एक भलामोठा काळपट ठिपका उमटला होता.

"आजोबा," ती म्हणाली, "ब्रिटनी कुठल्या तहात गेली?"

"अगं, ओल आहे ती," मी म्हणालो.

"कायतरीच!"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो पुढे झाला, चष्मा कपाळावर चढवला, नाक टेकेल इतक्या जवळून पाहिलं आणि बोटाने कड चाचपली.

"ही मात्र ओलच, बाळ," तो म्हणाला. "सर, भिंतीला डांबर मारून घ्या."